दादांचा विनंती अर्ज

दादा, आज मी लॅपटॉप फॉरमॅट केला. तुमच्या भाषेत सांगायचं तर मशीन पार उघडली, होतं नव्हतं ते काढलं, धुतली आणि पुन्हा जुळवली. फक्त रॉकेल लागलं नाही आणि हात काळे झाले नाहीत. महिनाभर छळत होता तो मला. शाळेची हजेरी भरायला बसावं, निम्मा वर्ग भरून व्हावा, की प्रोग्राम आपोआप बंद. पुन्हा उघडा, पुन्हा बंद. नांदेडला असते ती माझी लेक, तुमची नात, फोनवर म्हणाली, "आई, आता ठिगळं लावू नको ह्याला. सिस्टीमच नव्यानं टाक." गंगाखेडात आता असली कामं करणारी दुकानं झालीत, पण मी दुकानात दिला नाही. आपली मशीन दुसऱ्याच्या हातात देऊ नये, हे खूळ तुमचंच. तहसीलसमोरच्या पत्र्याखाली बसणारे सगळे टायपिस्ट दसऱ्याला आपापल्या मशीनला झेंडूची माळ घालायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि तुम्ही आपले बनियनवर बसून ब्रशनं एकेक अक्षर घासत असायचा. शेजारी कुणी म्हणालं, "मास्तर, दोन फुलं तरी वाहा की," तर तुमचं उत्तर ठरलेलं. "कुकू 'क'मधी अडकलं, तर साहेब काय वाचील?"

तर आज रविवार बघून बसले. लेकीनं बजावलं होतं, "आधी सगळं कॉपी करून घे, मग रडायचं न्हाई." घेतलं. शाळेचे तक्ते, फोटो, घराचे कागद, सगळं एका बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये मावलं. मग पडद्यावर प्रश्न आला, फाइली ठेवायच्या की सगळं काढून टाकायचं. दोनदा वाचलं आणि सगळं काढायचं बटण दाबलं. टक्के हळूहळू चढायला लागले. मी चहा टाकला, खिडकीशी बसून प्यायले. रस्त्यावरून कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. लय बरं वाटलं, दादा. साठीला टेकलेली बाई, कुणाला न विचारता आख्खी मशीन नव्यानं उभी करते, ह्याचा थोडा तोराही आला. तासाभरात लॅपटॉप धुतल्या पाटीसारखा लख्ख. हजेरी भरून पाहिली, एकदाही बंद पडला नाही.

मग तुमची फाइल उघडली. "दादा" याच नावाची. आणि आत एकही मराठी अक्षर नाही. नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी, मध्येच आकडे, मध्येच कंस. चूक लगेच कळली. तेव्हाचा मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेले मराठी कपडे. मी फाइली सगळ्या उचलल्या आणि फाँट जुन्या सिस्टीमबरोबर पुसून टाकला. लेकीला फोन लावला, तिनं उचलला नाही. रविवारीही तिला ड्युटी असते. आणि त्या मजकुराची दुसरी प्रत नाही. कागदावर काढलेली एकच होती, ती तुमच्या सदऱ्याच्या खिशात राहिली आणि अठरा वर्षांपूर्वी तुमच्याबरोबरच गेली.

ती लिहिली तो उन्हाळा आठवतो. तुमच्या बोटांना कंप सुटला होता, डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तुम्ही बाजेवर, मी तुमच्या शेजारी नव्या कॉम्प्युटरवर. मी म्हणाले, "दादा, जन्मभर दुसऱ्याचं लिहिलंत, आता स्वतःचं सांगा, मी टाइप करते." तुम्ही घसा खाकरलात आणि सुरू केलंत, "विनंती अर्ज." मी हसून लोटपोट. तुम्हाला दुसऱ्या कुठल्या चालीवर बोलताच येत नव्हतं. अधूनमधून थांबून म्हणायचात, "खाली बघायलीस. आवाजावरून कळतंय मला." आणि खरंच मी तेव्हा बोर्डाकडं बघत असायची.

न बघता टाइप करायला तुम्हीच तर शिकवलंत. दहावीच्या सुट्टीत, त्याच पत्र्याखाली. माझ्या दोन्ही हातांवर टॉवेल टाकायचात आणि अर्जदार समोर बसलेले असतानाच टाइप करायला लावायचात. एकदा मी टॉवेल वर करून पाहिलं, तर तुम्ही सगळ्यांदेखत कागद ओढून काढलात आणि टराटरा फाडलात. "बोटाला ठावं हाय. तू मधी येऊ नको." मला इतका राग आला की त्या दिवशी डबा न खाता घरी गेले. पण त्याच दुपारी सोनपेठकडची एक म्हातारी अंगठा द्यायला पुढं झाली, तेव्हा तुम्ही तिचा हात धरून थांबवलेलंही मी पाहिलं होतं. "मावशी, वाचून दावल्याबिगर अंगठा देऊ नका. मी लिवलेलं हाय म्हणून काय झालं?" तिला सगळं वाचून दाखवलंत. अंगठा उठल्यावर तिला आणखी एक ओळ घालावीशी वाटली, तर तुम्ही ऐकलं नाहीत. "अंगठा उठला. आता त्यात अक्षर घालता येत न्हाई. दुसरा कागद घेऊ." आणि दुसरा कागद मशीनला लावलात.

आज त्या खिचडीकडं बघत बसले आणि दिसलं की पहिल्याच ओळीत एन, के, एन, के अशी अक्षरं आहेत. कॉम्प्युटरवरची मराठी तेव्हा तुमच्या मशीनच्याच बोर्डावर बसवलेली होती. मी डोळे मिटले, त्याच चार कळा दाबल्या. उजवी तर्जनी खाली गेली, द. मधलं बोट जागेवर, काना. पुन्हा द, पुन्हा काना. दादा! अर्जाच्या डोक्यावर मीच टाकलेलं नाव. मी मोठ्यांदा हसले, आणि मग रडूही आलं. मग दुपारभर तेच. एक अक्षर पाहायचं, डोळे मिटून ती कळ दाबायची, बोट काय म्हणतं ते वहीत उतरवायचं. खरंच बोटांना ठाऊक होतं. हळूहळू तुम्ही बोलायला लागलात. "विनंतीपूर्वक अर्ज करतो की, अर्जदाराचे आयुष्य बरे गेले. अर्जदाराने कोणाचे खोटे लिहिले नाही. अर्जदाराची कोणाविरुद्ध तक्रार नाही. तरी मेहेरबान साहेबांनी नोंद घ्यावी."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, नुसता फाँट टाकायचा. पाच मिनिटांचं काम." टाकला. पाचच मिनिटं लागली. वही आणि पडदा ताडून पाहिले, तर फक्त तीन चुका. तुम्ही तीन चुकांवरही रागावला असता.

पण अर्जाच्या शेवटी, "सोबत जोडले आहे" याच्यापुढं पडद्यावर काहीच नाही आणि माझ्या वहीतही नाही. फाँटचा दोष नाही त्यात, दादा. तिथं तुम्ही काय सांगितलंत ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. ते ऐकून माझी बोटं चालेनात, म्हणून उद्या टाकू असं मनाशी ठरवलं. तुम्ही विचारलंत, "टाकलं का?" मी म्हणाले, "टाकलं." दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रिंटरवर तो कागद तसाच काढून आणला. वाचून दाखवू का, म्हणून विचारलं, तर जन्मभर लोकांना बजावणारे तुम्ही म्हणालात, "तू लिवलंस ना? मग वाचायचं काय?" आणि सही केलीत.

सही झालेल्या कागदात आता अक्षर घालता येत नाही. म्हणून हा दुसरा कागद घेतला. टाकलं म्हणाले होते, ते टाकलं नव्हतं. आज टाकते, खाली न बघता.

सोबत जोडले आहे : मुलगी, एक. सत्यप्रत.