पहिला तो शेवटचा

प्रिय ताई,

प्रभूची शांती तुझ्या घरात असो. माझ्या मनात ती सध्या नाही. आपल्या चर्चच्या मंडळीच्या पंचांनी आपल्या आईला यादीच्या तळाशी टाकलं, त्याचा राग तुझा नि माझा एकच आहे.

मी बरा आहे. खोली कोरडी आहे, फोरमन सज्जन आहे. खोकला लोखंडाच्या धुळीचा आहे, काळजी करू नकोस.

तू पाठवलेला फॉर्म वाचला. पुढच्या पाच वर्षांत मंडळीने काय करावं, प्रत्येक कामाला एक ते दहा आकडा द्या, एवढंच त्यात लिहिलंय. आईसारख्या देवळात जाऊ न शकणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांनी 'आजाऱ्यांना घरी प्रभुभोजन', म्हणजे पाळकांनी घरी येऊन भाकर नि द्राक्षारस देणं, यापुढे एक लिहिला, कारण एक म्हणजे पहिलं. पंचांनी एक म्हणजे सर्वांत कमी गुण धरले. गाड्यांचं पार्किंग वर आलं आणि आईचं प्रभुभोजन बंद झालं!

तू चूक दाखवलीस तेव्हा चिटणीस म्हणे हसला. "बाई, आकड्यांपुढे देवाचंही चालत नाही." ते हसू मी त्याच्या घशात घालणार. क्षमा मलाही ठाऊक आहे, पण आधी कबुली हवी.

आई नीट जेवते ना? रविवारी अजून आवरून, पाळक येतील म्हणून दाराकडे बघत बसते का?

आपण ल्यूथरन. ल्यूथरने चर्चच्या चुका दाखवणारा कागद देवळाच्या दारावर ठोकला, तिथून आपली सुरुवात झाली. येत्या रविवारी उपासनेआधी हे पत्र आपल्या देवळाच्या दारावर लाव. चिकटवू नकोस, खिळ्याने ठोक.

तुझा धाकटा भाऊ