डाव्या कानातला आवाज

४ मार्च

पोचलो. दोनशे किलोमीटर बर्फाचा रस्ता, आणि गाडी चालवणारा मेहुणा जेकब वाटभर फक्त डुकरांच्या खाद्याबद्दल बोलत होता, तरी मन प्रसन्न आहे. सान्नाने दारातच माझा हात धरला. लग्न होऊन ती आमच्याच पंथाच्या या वसाहतीत आली त्याला बावीस वर्षं झाली, पण मला दादा म्हणताना तिचा आवाज अजून दहा वर्षांच्या पोरीसारखा चढतो. माझी बायको राहेल देवाघरी गेल्यापासून जुन्या वसाहतीत माझ्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि बसणारा एक. इथे डुकरांकडे बघायला माणूस हवा होता. वडीलधाऱ्यांनी विचारलं, मी लगेच हो म्हटलं.

खोली स्वच्छ आहे, खिडकी पूर्वेला. समोरच्या शेडमध्ये पाचशे डुकरिणी उद्यापासून माझ्या भरवशावर. सान्नाने खसखशीची वडी आणून ठेवली. तिची मुलगी युडिथ आता वीस वर्षांची आहे. मला न्याहाळून म्हणाली, मामा, आईने सांगितलं होतं त्या मानाने तुम्ही बरेच कमी रागीट दिसता. मी म्हटलं, थोडी ओळख होऊ दे. देवाने काम दिलं, बहीण दिली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आणखी काय मागायचं?

७ मार्च

तीन दिवसांत माणसं कळली. माणसं कसली, मऊ कणीक. संध्याकाळच्या प्रार्थनेत झकारियासकाका प्रवचन वाचतात ते औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचल्यासारखं. गाण्याची ओळ सांगून संपायच्या आत मंडळी ती म्हणून मोकळी होतात. देवालाही घाई असावी असा यांचा समज दिसतो. पाव आंबट. जेवण पंधरा मिनिटांत उरकतात. आमच्याकडे असं चालत नाही, हे मी जेवणघरात सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं. कोणी वादसुद्धा घातला नाही. वाद घालायला पाठीला कणा लागतो.

वयाच्या क्रमाने बसतात, म्हणून माझ्या डावीकडे दारियुस. माझ्याहून वर्षाने मोठा, तोही बाहेरून आलेला, अकरा वर्षांपूर्वी. यंत्रं दुरुस्त करतो. दर जेवणाला एकच वाक्य बोलतो, की आमच्याकडे शेवया याहून बारीक कापायचे. त्याच शब्दांत, त्याच सुरात. कोणी मान वर करत नाही. माणसाने दोष काढावेत, पण रोज नवा काढावा. अकरा वर्षं एकाच शेवईत गुंतून पडायचं म्हणजे अकलेची दिवाळखोरी.

१२ मार्च

डाव्या कानात काहीतरी वाजतंय. किटलीतलं पाणी उकळायच्या आधी जसं बारीक वाजतं, तसं. खाद्य टाकताना पाचशे डुकरिणी एकदम किंचाळतात, त्याचाच परिणाम असणार. प्रार्थनेत डोळे मिटले की तेवढंच ऐकू येतं.

दारियुसने आज शेवयांखेरीज आणखी काहीतरी सुरू केलं होतं. मी खांदा फिरवून बसलो.

१८ मार्च

जेकबने शहरात डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे तिशीची बाई, तोंडात च्युइंगम. यंत्र लावून तपासलं, तर वयाच्या मानाने कान चांगले निघाले. मग वाजतं काय, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. ती हसून म्हणाली, काका, चिडू नका, चिडलात की तो जास्तच वाजेल. बऱ्याच जणांचं काही महिन्यांत जातं म्हणे. म्हणजे आवाज तेवढाच राहतो, पण डोकं त्याची ओळख करून घेतं. यातून ना खायला मिळणार, ना जिवाला धोका, असं एकदा ठरलं की ते त्याला आत पाठवायचं बंद करतं. दारावरचा कारकून जसा रोज येणाऱ्या अर्जदाराला बाहेरच बसवून ठेवतो. त्याला घाबरलात, त्याच्याशी भांडलात, तर कारकुनाला वाटतं काम महत्त्वाचं आहे, आणि तो त्याला आत सोडतो.

चार शब्द बरे बोलली. च्युइंगम थुंकून बोलली असती तर आणखी बरं झालं असतं.

२५ मार्च

झकारियासकाकांना सांगितलं. ते म्हणाले, अरे, हे इथे सगळ्यांना येतं. त्याला नाव देऊ नकोस, उत्तर देऊ नकोस, आणि त्याचं वाईटही वाटून घेऊ नकोस. मग मोठ्या अभिमानाने सांगू लागले की इथे माणसांशीही असंच वागतात. माझ्या जुन्या वसाहतीत भांडखोराला सगळ्यांसमोर वाळीत टाकतात. त्याचं ताट वेगळं, त्याच्याशी हात मिळवायचा नाही. मग त्याला पश्चात्ताप झाला की सगळ्यांसमोरच परत घेतात, गळ्यात पडतात. इथे म्हणे चाळीस वर्षांत एकालाही वाळीत टाकलेलं नाही. गरजच पडत नाही. माणूस आपोआप शांत होतो.

आळसाला सहनशीलता म्हणायची ही यांची जुनी खोड. वाळीत टाकायचं तर दर जेवणाला साठ माणसांना एका माणसाची आठवण ठेवावी लागते. तेवढे कष्ट यांच्याकडून होणार आहेत का?

पण कानापुरता सल्ला ठीक आहे. करून बघतो.

९ एप्रिल

कानातलं बारीक झालंय. डुकरिणी व्यायला लागल्या आहेत, दुसरं काही सुचत नाही. जेवणात पावाच्या आंबटपणाबद्दल पुन्हा बोललो. डावीकडे शेवया चालूच होत्या.

२८ एप्रिल

आठवड्यातून एखाद्या दिवशी वाजतं. तेही मुद्दाम शोधलं तर.

११ मे

गेलं. संपूर्ण गेलं. सकाळी शेडच्या पायरीवर बसून देवाचे आभार मानले. किती दिवसांनी माझी प्रार्थना माझी मला ऐकू आली.

जेवणघरातही आता बरं पडतं. डावीकडची खुर्ची रिकामी असते, कोपर पसरून बसता येतं.

२० मे

ही माणसं मठ्ठ आहेत हे ठाऊक होतं, उर्मट आहेत हे आता कळतंय. पाव आंबट आहे असं मी म्हटलं, तर जेकबने कानात करंगळी घालून हलवली आणि शेजाऱ्याशी ट्रॅक्टरबद्दल बोलू लागला. पावाची थाळी माझ्यासमोरून पुढे गेली. हात लांब करून घ्यावी लागली. युडिथला हाक मारली तर तिने तिसऱ्या हाकेला, अय्या मामा, तुम्ही इथेच आहात होय, असं म्हटलं.

फक्त सान्ना नीट बोलते.

२७ मे

झकारियासकाकांना अंगणात आडवा गेलो. शेडचा पंखा बिघडलाय, लोहाराला सांगा, म्हटलं. पाण्यातून निघालेल्या कुत्र्यासारखं त्यांनी डोकं झाडलं आणि मला वळसा घालून गेले. मी ओरडलो. अंगणात आठ-दहा जण होते. एकानेही मान वळवली नाही. यांना वाटतं मी वरमेन. थुंकतो यांच्या शहाणपणावर.

डुकरिणी माझ्या आवाजाला उठून येतात. इथे अक्कल असलेलं एवढंच बिऱ्हाड.

३० मे

पाऊस. पंखा मीच दुरुस्त केला. दुपारी ही वही पहिल्या पानापासून वाचत बसलो.

७ मार्चला मी एका दारियुसबद्दल लिहिलंय. वयाने वर्षाने मोठा, माझ्या डावीकडे बसतो. १२ मार्चलाही त्याचं नाव आहे. अक्षर माझंच आहे.

मला असा माणूस आठवत नाही. डोळे मिटून खूप आठवून पाहिलं. चेहरा नाही, आवाज नाही. जेवणघरात माझ्या डावीकडे कोणी बसत नाही.

३१ मे

जेवायला वही नेली. ताटाशेजारी उघडी ठेवली, त्या नावावर बोट ठेवलं आणि डावीकडे बघत राहिलो. बराच वेळ नुसती खुर्ची. मग खुर्चीवर कोट. मग हात.

तो तिथे होता. दाढी छातीपर्यंत वाढलेली, गाल बसलेले. माझ्याच ताटातला बटाटा उचलून खात होता. मी बघतोय हे लक्षात आल्यावर त्याचा घास तसाच राहिला. अगदी हळू आवाजात म्हणाला, बघितलंस होय. म्हणाला, तू आलास तेव्हा मला वाटलं, नवा आहे, निदान हा तरी ऐकेल. मार्चभर तुझ्या या कानाशी तोंड लावून ओरडलो मी. तू करंगळी घालायचास. नंतर तेही सोडलंस.

मी विचारलं की मग हे होतं कधीपासून, कसं. तो म्हणाला, मला काय ठाऊक. मी फक्त शेवयांबद्दल बोललो होतो.

१ जून

काल रात्रभर डॉक्टरबाईचं बोलणं मनात घोळत होतं. खायला मिळणार नाही, जिवाला धोका नाही. माझ्याबद्दल यांचं हेच ठरलंय. या गणंगांनी मला तपासून बघितलं आणि निरुपद्रवी ठरवलं. मला.

ठीक आहे. धोका दाखवतो.

२ जून

काल दुपारी जेवणघरात काचेचं ताट भिंतीवर फोडलं. साठ माणसं दचकली. बायका किंचाळल्या. क्षणभर सगळे माझ्याकडे बघत होते. संध्याकाळी दुसरं फोडलं, चारपाच जण दचकले. आज सकाळी तिसरं. एक बाई झाडू घेऊन आली आणि गप्पा मारत काचा गोळा करून गेली.

३ जून

प्रार्थनेत मधेच उभा राहिलो. गुडघे टेकले. म्हटलं, मी तुम्हा सर्वांचा तिरस्कार केला, पहिल्या दिवसापासून केला, अजून करतो. मी पापी आहे. मला वाळीत टाका. माझं ताट वेगळं काढा, माझ्याशी हात मिळवू नका, पण माझं नाव घेऊन सांगा.

झकारियासकाका वाचत राहिले. मधे एकदा थांबून त्यांनी कान चोळला.

दारियुस माझ्या शेजारी गुडघे टेकून बसला होता की नाही सांगता येत नाही. वही खोलीत राहिली होती.

६ जून

डुकरांवर नवा माणूस आलाय. मार्टिन, बाहेरच्या वसाहतीतला. जेकबने त्याला शेड दाखवली. म्हणाला, मार्चपासून जागा रिकामीच आहे रे, जनावरं कशी तगली देव जाणे.

मी दोघांच्या मधे उभा होतो.

मार्टिनने मला नमस्कार केला. नवा आहे. याला मी काहीएक बोलणार नाही, दोष काढणार नाही, याच्याशी गोड— पण काय बोलू? काहीही रोज बोललं तरी—

७ जून

सान्ना. फक्त सान्ना उरली. आज दोनदा दादा म्हणाली. दुसऱ्यांदा मी खोलीत कुठे आहे हे शोधत म्हणाली. तिला सगळं सांगितलं. तिने अर्धं ऐकलं. मग, दादा, तू फार कुरकुर करतोस रे, असं काहीतरी, आणि उठून बटाटे घ्यायला गेली.

मी आयुष्यात तिच्याबद्दल कधी वाईट बोललो नाही. तिच्यापुढे मात्र रोज सगळ्यांबद्दल—

९ जून

सान्ना युडिथला म्हणाली, सकाळपासून माझ्या उजव्या कानात शिट्टी वाजतेय गं.

मी तिच्या उजव्या बाजूला उभा होतो.

युडिथ म्हणाली, लक्ष देऊ नकोस आई. जातं.

१० जून

एका सुरात बोलायचं नाही. एका सुरात बोललं की संपलं. हळू बोललो, ओरडलो, गायलो. आईने तिला ठेवलेलं नाव घेतलं, ते आता मीच एकटा जाणतो. ओढ्यात बुडत होती तेव्हा मी केस धरून काढलं होतं, ते सांगितलं. तिचा हात कानावर गेला. हात जातोय तोवर—

जेवलो नाही. माझं ताट मांडत नाहीत.

११ जून

हात गेला. चार वेळा. काल अकरा वेळा गेला होता.

देवा, तुलाही मी रोज त्याच शब्दांत—

१२ जून

एकदा. झकारियासकाकांनी तिला सांगितलं, नाव देऊ नकोस, उत्तर देऊ नकोस. त्या थेरड्याच्या तोंडावर मी— त्याला काही नाही.

सान्ना मान डोलावत होती.

१३ जून

स्वयंपाकघर. ती बटाटे सोलतेय. मी इथेच उभं राहून लिहितोय, कानाशी तोंड. नाव घेतलं. माझं, तिचं, आईचं. पुन्हा. पुन्हा— थांबली. मान तिरकी केली. ऐकतेय. सान्ना, मी इलायस, मी दादा, मी— सुरी खाली ठेवली. युडिथकडे बघून हसली, किती दिवसांनी अशी मोकळी हसली. म्हणाली, गेलं बघ. आता अगदी शांत वाटतंय. मी अजून तिच्या कानाशीच आहे, सान्ना, मी अजून