आबांचा दाभण

भडगाव, मार्गशीर्ष, सोमवार संध्याकाळ, १९३४

आज उखा पाटील स्वतः दारात आला. परवा नातवाचं लग्न. म्हणतो, "तुना आबासारखं भरीत आते फक्त तूच करस. ये भाऊ." आबांचं, माझ्या आजोबांचं, नाव घेताना जीभ कशी अडखळली नाही याची?

याच्याच मुलीच्या लग्नात आबांनी दिवसभर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली. पंगतीत बसले, तर व्याह्यांना जागा हवी म्हणून यानंच वाढलेल्या पानावरून त्यांना उठवलं. "याहीसले बसू दे, तू मांगून बस." आबा उठले, न जेवताच घरी आले.

मी पाटलाला हो म्हणालो ते मनात एक ठरवूनच. वांगी टोचायचा आबांचा दाभण घरी ठेवायचा. ती न टोचताच जाळात घालायची. फुटू देत सगळ्या वऱ्हाडासमोर! पहिल्यांदा दाभण हातात देताना आबांनीच सांगितलं होतं, "टोचं नही ते फुटस."

पण त्याच दिवशी हेही म्हणाले होते, "अन्नवर राग काढाना नही." गेले तरी आडवे येतात.

बरं. दाभण नेतो. व्याही बोटं चाटत राहतील असं भरीत करतो. मग पाटील मला जेवायला बसवायला येईल, हात धरेल. तेव्हा भर मांडवात सांगेन, माझ्या आबांना भरल्या पानावरून उठवलं त्या घरचं पाणीसुद्धा मला नको.

अन्नावर राग काढू नको, एवढंच आबा म्हणाले होते. पाटलाचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं.