झाडून ठेवलेलं रान

मु. कापडे, ता. पोलादपूर
चैत्र वद्य पंचमी

सन्माननीय आबाजी व्याही यांसी जनार्दन उतेकराचा हात जोडून नमस्कार. वरंधला सगळी खुशाल असतील, विहीणबाईंचा गुडघा आता पायऱ्या चढू देत असेल, आणि आमची उज्वला भाकरी थापताना तरी फोन बाजूला ठेवत असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही बरे आहोत. म्हणजे तब्येतीने बरे आहोत.

रान राखणाऱ्या शेतकऱ्याला सरकार हल्ली अनुदान देतं, हे आपल्याला ठाऊक आहेच. डोंगरउताराचं वरकस, म्हणजे पीक न घेतलेलं रान, तीन वर्षं तसंच सोडायचं, झाड तोडायचं नाही, आग लावायची नाही, गुरं घालायची नाहीत. पाखरं-जनावरं वस्तीला आली की पैसे खात्यात. त्याचा शासन निर्णय एकवीस पानांचा. (पान नऊ दोनदा छापलंय. मी लेखी कळवलं आहे.) मी सातवीपर्यंतच शिकलो, पण तो चारदा वाचला आणि गावातल्या अकरा जणांचे अर्ज स्वतःच्या हाताने भरले. त्या अकरांत नामंजूर व्हायच्या वाटेवर एकच आहे. तो माझा. तो पडला तर गावात यापुढे मला साधा पत्ता लिहायलाही कोणी बोलावणार नाही.

घडलं असं. तपासणी अधिकारी आम्रपाली मॅडम येणार असा निरोप आला. मोठं माणूस येणार तर आपण काय करतो? मी चार दिवस आधी खराटा घेऊन वरकसात शिरलो. बावीस गुंठे. पाचोळा गोळा करून खाली भातशेतात, रोपांची जागा भाजायच्या राबाला जाळला (वरकसात आग नको, असा नियम आहे). करवंदीच्या जाळ्या गोल कापल्या. (झाड तोडू नये असं लिहिलंय, जाळीला आकार देऊ नये असं कुठेही नाही.) खोडांना गेरू-चुना लावून एक ते त्रेसष्ट आकडे घातले आणि वारुळाभोवती दगडांची ओळ मांडली. आमची मंडळी बांधावर उभी राहून म्हणाली, "सायेब येनार म्हनून घर झाडतात. रान कोन झाडतो?" तिला सरकारी कामातलं कळत नाही म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मॅडम आल्या. चपलेला काटा न लागता सगळीकडे फिरल्या आणि म्हणाल्या, "काका, बाग सुंदर आहे. वरकस कुठे आहे?" त्यातच उभ्या आहात, मी म्हटलं. प्राणी म्हणून एक सरडा सापडला, तोही सत्तावीस नंबरच्या चुन्यावर बसून कुठला रंग घ्यावा याचा विचार करत होता. 'वन्यजीवांच्या खुणा' या रकान्यात मॅडमनी लिहिलं, खराट्याच्या.

शेजारचं वरकस हैबतीचं. तो वाशीला असतो, नऊ वर्षं इकडे फिरकला नाही. (अर्ज भरताना मलाच फोनवर विचारत होता, काका, माझा वरकस नक्की कुठल्या अंगाला हाय.) त्याच्या जाळीत मॅडम पाव तास अडकल्या, आणि फाटकी ओढणी सावरत, हातात साळिंदराचा काटा घेऊन हसत बाहेर आल्या. हैबतीला पैकीच्या पैकी गुण.

मला चाळीस दिवसांनी दुसरी तपासणी मिळाली आहे. तोवर रानाचं परत रान व्हायला हवं. हैबतीच्या परसातून अकरा पोती पाचोळा आणून मी पसरला, सगळीकडे सारखा, चार बोटं. मंडळी म्हणाली, "पाचोळा वळीत पडलाय." तो विस्कटला. रान कितपत झालं हे बघायला रोज जातो, आणि गेलं की हात चार फांद्या सरळ करतोच. शेवटी मॅडमनी फोनवर बजावलं की काका, तुम्ही तिथे जाऊ नका, बाकीचं आपोआप होईल. आपोआप झालेलं काम मी अजून पाहिलेलं नाही.

विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद.

आपला,
जनार्दन उतेकर

ता.क. मंडळीचं म्हणणं, मी गावात नसलो तरच आमचं रान सावरेल. आता मुलीच्या बापाने आपणहून तिच्या सासरी राहायला येणं शोभत नाही, म्हणून आपण मला बोलावणं पाठवावं. महिन्याभराचं. जमल्यास थोडं रागावून पाठवावं, म्हणजे इथे चारचौघांत सांगता येईल की नाइलाज झाला.

ता.क. दुसरा. फुकट बसून खायची मला सवय नाही. उज्वला सांगत होती, आपणही अनुदानाला अर्ज केला आहे, तपासणी पुढच्या सोमवारी आहे आणि आपलं वरकस आत माणूस शिरणार नाही इतकं माजलं आहे. काळजी नसावी. बोलावणं वाटेत असलं तरी मी गुरुवारीच पोचतो.