चाळीस इंची ओटा

लोणी, ता. आंबेगाव
मंगळवार, सकाळ

ती. धर्माजीदादा यांना लोणीहून गोरखचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनापासून आहे, बाकीचं पत्र रागाने लिहिलं आहे. दोन्ही वेगवेगळं धरावं.)

आपली तब्येत बरी असेल. वहिनींचा खोकला थांबला का? गिरणीचा पट्टा बदलून झाला का? डिंभ्याची दुपारची एस.टी. अजून तिच्या मनाला येईल तेव्हाच येते का? इकडे मी सुखरूप आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. आता तुम्ही म्हणाल, मास्तर, फोन सोडून पत्र कशाला? तर अकरा दिवसांत मी तुमच्या घरी नऊ वेळा फोन केला. नऊही वेळा तो तुमच्या बहिणीने उचलला, माझा आवाज ऐकला आणि "रेंज न्हाई" एवढं अगदी खणखणीत सांगून ठेवून दिला. म्हणून हे पत्र घरी न पाठवता गिरणीच्या पत्त्यावर पाठवतो आहे. गुडघ्यांमुळे वैजयंती गिरणीचा चढ चढणार नाही, अशी माझी अटकळ आहे.

वैजयंती तुमच्याकडे का आली, याची तिची बाजू तुम्ही अकरा दिवस जेवताना ऐकलीच असेल. माझी ऐकायला इथे कोणी नाही. आपल्या घरी मला पावणं म्हणून कायम पहिल्या पंगतीला बसवतात, त्या मानाला स्मरून सांगतो, या प्रकरणात माझ्यावर अन्याय झाला आहे. तिला परत पाठवा असं सांगायला मी लिहीत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. ती तुमची बहीण आहे, हवी तेवढी राहील.

तर मूळ विषय तिच्या गुडघ्यांचा. चौतीस वर्षं तिने खाली बसून रांधलं. मंचरच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, आता जमिनीवर बसायचं नाही, उभं राहून करायचं. म्हणजे ओटा आला. ओटा आला म्हटल्यावर आमचे चिरंजीव आदेश चाकणहून आले, सोबत सूनबाई अक्षदा, आणि आम्हा दोघांना मंचरच्या एका काचेच्या भिंतींच्या दुकानात घेऊन गेले. (नाव लिहीत नाही. फुकटची जाहिरात मी करणार नाही.) तिथे तयार स्वयंपाकघरं मांडून ठेवली आहेत, आपण फक्त बोट दाखवायचं. एका गळपट्टेवाल्या तरुणाने संगणकावर चित्र काढलं. त्या चित्रात ओट्यावर काचेच्या वाडग्यात पिवळी लिंबं होती आणि वर उलटे टांगलेले पेले होते. आमच्या घरात पेले उलटे टांगायची वेळ कधी आलेली नाही. चमच्यांसाठी सहा कप्प्यांचा खण होता. मी विचारलं, बाजरीची कोठी कुठे राहील? तर तो मलाच विचारतो, कोठी म्हणजे काय? आमची मागची भिंत एका टोकाला दोन इंच आत आहे (ती मी स्वतः उभं राहून बांधून घेतली आहे, तेव्हा तिच्याबद्दल मी ऐकून घेत नाही), तर त्याचा सल्ला असा की भिंत सरळ करून घ्या. कपाटासाठी घराने सरळ व्हायचं! आणि उंची? उंची म्हणे कंपनीत ठरलेली, चौतीस इंच, सगळ्यांना चालते.

दादा, या "सगळ्यांना चालते"वर माझं डोकं फिरलं. सगळ्यांना चालतं ते कोणालाच धड चालत नाही, हे मी त्याला तिथेच उभं राहून पंधरा मिनिटं समजावलं. माणूस काय ठोकळा आहे का, प्रत्येकाचा देह वेगळा, हात वेगळा, सवय वेगळी, असं बरंच बोललो. दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती. अक्षदा फरशा बघायला निघून गेली, आदेश मोबाइलमध्ये बघत होता. वैजयंती मात्र एका खुर्चीवर बसून तिथला एक खण उघडत होती आणि बोटाने नुसता ढकलून देत होती. तो आपोआप, आवाज न करता बंद होई. असं तिने दहा-बारा वेळा केलं. मी म्हटलं, काय चाललंय? म्हणाली, काही नाही. काही नाही म्हटल्यावर मी पुढे निघालो. (हे मला आता आठवतं. तेव्हा नुसतं दिसलं होतं.)

थोडक्यात, मी ठरवलं की ओटा माणसाच्या मापानेच होईल, आणि जुन्नरच्या चांद मिस्त्रींना बोलावलं. तिसऱ्या पिढीचे सुतार, हात असा की दाराला फट राहत नाही. आदेश रुसून चाकणला गेला, जाताना म्हणाला, नाना, तुम्हाला जे करायचं तेच तुम्ही करणार. मी म्हटलं, अर्थात.

आता मिस्त्रींची पद्धत ऐका. ते सुरुवातीला टेप काढतच नाहीत. विटा रचतात, वर फळी टाकतात, फळीवर परात ठेवतात आणि रांधणाऱ्या माणसाला पीठ मळायला लावतात. स्वतः बाजूला उकिडवे बसून बघतात. खांदा वर गेला की एक वीट काढायची, कंबर वाकली की एक वीट घालायची. खांदाही हलला नाही, कंबरही हलली नाही, की मग टेप लावायचा. स्वतःच्या घरी नूरबीभाभींसाठी तीन वेळा विटा बदलल्या म्हणे. मी तर खूश झालो. हेच तर मी त्या गळपट्टेवाल्याला सांगत होतो!

मिस्त्रींनी विटा रचल्या आणि म्हणाले, वैनींना बोलवा. वैजयंती ओले हात पुसत दारात आलीसुद्धा. पण आतमध्ये मिस्त्रींसाठी पोहे व्हायचे होते, चहा चुलीवर होता, मिस्त्री उपाशी जुन्नरहून आलेले. माझ्या मनात तिची काळजी. मी म्हटलं, तू चहाचं बघ, माप काय मीही देऊ शकतो. (याला मी माझा त्याग समजत होतो.) ती वळून आत गेली. मिस्त्रींनी विचारलं की, मास्तर, रांधणार कोण? मी म्हटलं, घर एकच आहे, कोणीही उभं राहिलं तरी तेच. मग बाह्या सारल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा पीठ मळलं. इतकं मन लावून मळलं की मिस्त्री चार विटा चढवत गेले आणि मला कळलंही नाही. तुम्हाला माझी उंची माहीतच आहे. लग्नात मुंडावळ्या बांधायला तुम्ही पिंपावर उभे राहिला होतात.

तीन आठवड्यांत काम झालं आणि काम बघून मला भरून आलं. सागवानी दारं, काळा दगड, वाकड्या भिंतीला तंतोतंत बसलेलं कपाट, बाजरीच्या कोठीला स्वतंत्र खोपा. मी पुढे उभा राहिलो तर सगळं हाताशी. वरची फळीसुद्धा टाच न उचलता. मी आदेशला फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, याला म्हणतात मापाचं काम. त्याने फक्त अंगठा पाठवला.

मग पूजा. भावकी जमली. नव्या ओट्यावर पहिलं दूध घरच्या बाईने उतू घालायचं, हे तुम्हाला सांगायला नको. वैजयंती नवं लुगडं नेसून ओट्यापाशी गेली, आणि दादा, ओटा थेट तिच्या छातीला लागला. पातेलं तिच्या नाकासमोर. दूध उतू गेलं की नाही हे तिला दिसेना. शेवटी भावकीतल्या सुभाषने देवाचा पाट आणून दिला, त्यावर चढून तिने बघितलं, तोवर दूध जाऊन शेगडी विझली होती. बायका पदर तोंडाला लावून उभ्या. आमच्या साळुबाई चुलती, वय वर्षं ब्याऐंशी, मोठ्याने विचारती झाली, "गोरख, ह्यो वटा हाय का देवळाचा कट्टा?" मी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी भाकरी. परातीत जोर वरून लागतो, आणि तिची कोपरं तर कानाशी. पहिली भाकरी मधेच फाटली, दुसरीही फाटली, तिसरी तिने केलीच नाही. आता मी गप्प बसलो का? नाही. मी लगेच तोडगा काढला. ओट्याच्या लांबीची, सहा इंच उंच फळी करून पुढे टाकायची, तिने वर चढून रांधायचं. सांगा, यात काय वाईट? पण फ्रिज खाली, मोरी खाली, कोठी खाली. मिठासाठी उतरायचं, मीठ टाकायला चढायचं. संध्याकाळपर्यंत तिने किती चढउतार केली ते मी मोजलं नाही. दिवेलागणीला ती भिंतीला धरून खाली बसली. बसायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते मी तिच्या लक्षात आणून दिलं. (आणून द्यायला नको होतं, हे मान्य.) तेव्हा ती एकच वाक्य बोलली. ओरडली नाही, रडली नाही.

"आवो, भिताडाचं माप घेतलं, कोठीचं घेतलं, तुमचं घेतलं. माझं तेवढं ऱ्हायलं."

सकाळी पिशवी भरून फाट्यावर. मी विचारलं, घर सोडून चाललीस? म्हणाली, घर न्हाई, वटा सोडून.

आता तुम्हीच न्याय करा. मी ताबडतोब चांद मिस्त्रींना बोलावून फैलावर घेतलं. एवढा अनुभवी माणूस, सहा फुटी पुरुष पीठ मळतोय हे दिसत असताना शंका येऊ नये? तर मिस्त्री शांतपणे ओट्यावरून हात फिरवत म्हणाले, "मास्तर, माप चुकलं न्हाई, मानूस चुकला. मी इचारलं व्हतं. मला वाटलं रिटायर झालाय, आता तुमीच रांधनार." वर पुन्हा कौतुक, की आजवर एकाही पुरुषाने त्यांच्याकडून स्वतःच्या मापाचा ओटा करून घेतला नाही, मी पहिलाच. आदेशला फोन केला तर तो म्हणतो, नाना, कंपनीचा चौतीस इंची आईला तीन इंचच चुकला असता. तुम्ही खास माप घेऊन नऊ इंच चुकवलंत. पोटच्या पोराने बापाला असं तोंडावर वजाबाकी करून दाखवावी, हे दिवस आले.

सध्या मीच रांधतो. आणि खरा संताप याचाच आहे की मला काडीचा त्रास होत नाही. खांदा हलत नाही, कंबर हलत नाही. पिठलं कच्चं राहतं, भात खाली लागतो, भाकरी म्हणण्यासारखं काही होत नाही, पण उभं राहायला इतकं सुख आहे की कोणाला सांगायची सोय नाही. काल शेजारची समृद्धी वाटीभर कालवण घेऊन आली, मला ओट्याशी बघून म्हणाली, काका, तुम्हाला अगदी शोभतंय. मी दार लावून घेतलं.

एवढं सगळं लिहून झाल्यावर माझी चूक किती आणि इतरांची किती, हे आपण वडीलकीच्या नात्याने ठरवावं. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. इथे काही कमी नाही, काळजी नसावी.

आपला,
गोरख

ता. क. लिहायचं राहिलं, खरं तर याच कामासाठी कागद घेतला होता. चांद मिस्त्री ओटा कापून खाली घ्यायला तयार आहेत. दगड उचलता येतो म्हणे. पण वैनींचं माप हातात आल्याशिवाय करवत लावणार नाही, असं त्यांनी अल्लाची शपथ घेऊन सांगितलं आहे, आणि माझ्या मापावर त्यांचा विश्वास उरलेला नाही. तेव्हा पाकिटात शिवणकामाचा टेप घातला आहे. वैजयंती उभी राहून काही करत असेल तेव्हा जमिनीपासून कोपरापर्यंत किती भरतं, ते तिच्या नकळत घेऊन कळवावं. चपला घातलेल्या असाव्यात, ती घरात चपला घालते. मिस्त्री बुधवारी, म्हणजे पुढच्या बुधवारी येणार आहेत.

ता. क. दुसरा. तिच्या नकळत जमणार नाही, हे आत्ता पाकीट चिकटवताना लक्षात आलं. मग तिला विचारूनच घ्या. आणि विचारताच आहात तर खिडकीसमोर शेगडी हवी की मोरी, आणि तो आपोआप बंद होणारा खण कुठल्या बाजूला हवा, तेही विचारा. मिस्त्रींकडे तसला खण मिळतो, मी चौकशी केली आहे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तुम्हाला वाटेल, बायकोचं माप मास्तरला आठवून सांगता येऊ नये? मी आठवून बघितलं, दादा. आज सकाळी पेन्सिल घेऊन भिंतीशी उभा राहिलो आणि तिचं कोपर कुठे येतं त्याची खूण केली. तीन वेळा केली, तीन वेगळ्या जागी आली. बत्तीस वर्षं दर जूनला मी शाळेतल्या प्रत्येक पोराची उंची मोजून तक्त्यात भरली. एकेकाची मला अजून तोंडपाठ आहे. हिची कधी मोजलीच नाही. तेव्हा टेप परत पाठवायची घाई नाही. माप घेऊन ती स्वतःच आली तर या वेळी चहा मी करीन, आणि पीठ मळायला ती उभी राहील.