जाळीत कोंबलेला बारदाना

उस्ताद, तुम्ही असताना तुम्हाला पत्र लिहिण्याची वेळ कधी आली नाही. कुडव्यात तुमचं घर माझ्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे. काही सांगायचं असलं की गाडी काढायची आणि तुमच्या फाटकाशी उभं राहून हाक मारायची. आता तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि सांगायचं राहिलेलं एकच आहे. ते तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्हाला ते ठाऊक होतं. बाकी कोणाला सांगितलं नाही, कारण त्यांना ते ठाऊक नव्हतं. दोन्हीकडून माझीच सोय झाली. बिडी कारखान्यातल्या हीटरच्या खोलीची जाळी मी बंद केली होती. दोन पोती घडी घालून मी कोंबली होती, आणि दोष तुम्ही घेतलात. गोष्ट एवढीच आहे, पण एका दमात सांगून मोकळं होण्याइतका मी सरळ माणूस नाही. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

तुमच्याकडे कामाला लागलो तेव्हा मी काही पोर नव्हतो. लग्न झालेलं होतं, आयटीआयचा कागद खिशात होता आणि त्या कागदाची घमेंड डोक्यात. पहिल्याच आठवड्यात एका हॉटेलच्या भटारखान्यात पाइपाचा जोड गळतो का ते बघायला मी काडेपेटी काढली. तुम्ही माझ्या मनगटावर अशी चापट मारलीत की पेटी मोरीत जाऊन पडली. "काऊन रे? आगीनं आग हुडकतेत का?" मग साबणाचा फेस हातात घेऊन तुम्ही प्रत्येक जोडावर लावत गेलात, आणि एका ठिकाणी बुडबुडा फुगला तेव्हा माझ्याकडे पाहिलंही नाहीत. त्या दुपारी तुम्ही मला घरी जेवायला नेलंत. काकूंच्या स्वयंपाकघरात शेगडी पेटवून तुम्ही बर्नरच्या खालचं हवेचं भोक ओल्या फडक्यानं झाकलंत. निळी ज्योत पिवळी पडली, लांबलचक झाली, वरण ठेवलेल्या पातेल्याचं बूड काळं झालं. काकू ओरडल्या, "शिकवाले माझंच पातेलं भेटलं का तुमाले?" तुम्ही म्हणालात, "गॅस सगळेच पायतेत. हवा कोणी नाई पायत. तू पहिले हवा पायजो." मी मान हलवली. काडेपेटीचा राग अजून उतरला नव्हता, त्यामुळे ऐकलं मात्र अर्धंच.

बिडी कारखान्यातलं काम तुमच्या अभिमानाचं होतं. आधी तिथे बिड्या कोळशाच्या भट्टीवर शेकायचे, मग शेठनं गॅसवर चालणारा गरम हवेचा हीटर आणला आणि तो बसवायला तुम्हाला बोलावलं. आपण दोघांनी तो बसवला. सिलिंडर भिंतीबाहेर जाळीच्या पिंजऱ्यात, नालीपासून लांब, कारण हा गॅस जड, गळला तर खाली उतरून खड्ड्यात साचतो. धुराड्याचा पाइप छपराच्या वर पुरुषभर उंच, मधे कुठेही आडवा न झोपवलेला. हीटर एका छोट्या खोलीत, आणि त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला हवा आत यायला दोन जाळ्या, एक वर, एक खाली. मोठा पंखा गरम हवा पत्र्याच्या नळातून बिड्या वाळवायच्या खोलीत ढकलायचा. थंडीच्या दिवसांत तीच हवा पलीकडच्या हॉलमध्येही सोडायचे. तिथे बाया बंडलं बांधून लेबलं चिकटवत बसायच्या. दर महिन्याला तपासणी. धुराडं ओढतंय का ते बघायला तुम्ही हीटरच्या तोंडाशी उदबत्ती धरायचात. धूर आत ओढला गेला तर ठीक, तोंडावर आला तर बंद कर आणि दारं उघड. तीन वर्षांनी तुम्ही मला उदबत्त्यांचा स्टीलचा डबा दिलात. म्हणालात, "आता तुले माही गरज नाई." मी तेव्हा खूष झालो होतो. आज तो डबा माझ्या औजारांच्या पेटीत आहे, आणि तो वापरताना कोणी बघत असलं की मला अवघडल्यासारखं होतं.

आपल्याकडच्या थंडीत कोणतंही भोक दिसलं की माणूस त्यात बारदाना कोंबतो. राइस मिलचं गाव, रिकाम्या पोत्यांना काय तोटा. दाराखाली पोतं, खिडकीत पोतं, गोठ्याच्या फटीत पोतं. कारखान्यातही त्या दिवसांत खालच्या जाळीतून गार वारा आत शिरायचा आणि हीटरच्या खोलीच्या दारातून थेट हॉलमधल्या पहिल्या रांगेवर यायचा. त्या रांगेत एक ताई बसायची. हात असा चालायचा की बंडल कधी बांधून झालं ते दिसायचंच नाही. तिनं तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. तुम्ही दोन्ही वेळा एकच उत्तर दिलंत, "जागा बदल बाई. जाळी बंद नाई होत." तेही असं तुसडेपणानं की ती पुन्हा तुमच्याशी बोलली नाही.

त्या महिन्यात तुम्ही कामठ्याला होतात, भावाच्या घरी लग्न होतं. तपासणीला मी एकटा गेलो. ताई शाल पाठीवर ओढून बसलेली. म्हणाली, "भाऊ, तुमचे उस्ताद तं आयकत नाई. पाठीले असा वारा लागून रायला का सांधे धरले. तुमी तरी काही करा ना." बाजूच्या दोघी हसल्या. एक म्हणाली, "हे करतीन. हे चांगले हायेत." बस, एवढंच लागलं. उस्तादापेक्षा चांगलं व्हायची संधी, तीही इतक्या स्वस्तात. कोपऱ्यात पोती पडलेलीच होती. खालची जाळी मी बंद केली. वरची उघडी आहे, तेवढी पुरेल, आणि चार दिवसांत तुम्ही येण्याआधी काढून घेईन, असं स्वतःला समजावलं. वरच्या जाळीवर कबुतरं बसू नयेत म्हणून कोणीतरी आधीच पुठ्ठा लावला होता. तो मी बघितला नाही, कारण मान वर करून बघितलंच नाही. मग टेबलाशी बसून रजिस्टर काढलं. बोटांना सुतळीचे धागे चिकटलेले होते, त्याच बोटांनी लिहिलं, ज्योत निळी, धुराडं ठीक, जाळ्या मोकळ्या. ज्योत तेव्हा निळी होती, एवढं खरं. तुम्ही ठरल्यापेक्षा लवकर, दुसऱ्याच दिवशी परतलात, येता-येता कारखान्यात थांबलात आणि माझ्या अक्षराखाली सही केलीत. खोलीत गेला नाहीत. माझं अक्षर होतं ना.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास फोन आला. आपण दोघं एका दवाखान्याच्या कामावर होतो. पोचलो तेव्हा बायांना अंगणात आणून झोपवलेलं होतं. कोणाचं डोकं दुखत होतं, कोणी ओकत होतं, चौघी बेशुद्ध होत्या. पहिल्या रांगेतली ताई त्यांत होती. ओठ लालसर, डोळे अर्धे उघडे. तुम्ही सरळ हीटरच्या खोलीत शिरलात, आधी बाहेरून सिलिंडरची चावी बंद करून आणि रुमाल तोंडाला लावून. काय झालं ते मला अंगणातच कळलं होतं. हवा मिळेना म्हणून ज्योत पिवळी पडली, आणि पंखा तर हवा ओढतच होता, तेव्हा धुराड्यातून वर जाणारा विषारी वायू त्यानं उलटा खाली ओढला आणि हॉलमध्ये सोडला. त्याला वास नाही, रंग नाही. बायांना वाटलं आज हॉल छान गरम झालाय. मॅनेजर तुमच्यामागून पोती घेऊन बाहेर आला. "ये किसने ठूँसा?" तो सगळ्यांवर ओरडला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. किती वेळ पाहिलंत ते मला सांगता येणार नाही. मी माझ्या चपलांकडे बघत होतो. ती ताई शुद्धीत असती तर तिनं माझं नाव घेतलं असतं, आणि मला हेही लिहायला हवं की ती शुद्धीत नाही याचं मला त्या क्षणी बरं वाटलं. मग तुमचा आवाज आला, "सही माही हाये. पाह्याचं काम माहं होतं. मी नाई पायलं."

तुम्ही खोटं बोलला नाहीत, उस्ताद. सही तुमचीच होती आणि तुम्ही पाहिलंही नव्हतं. चौकशीला आलेल्या साहेबांपुढे तुम्ही तेवढंच परत सांगितलंत. बाजूच्या दोघींनी, पोती कोणी लावली ते आठवत नाही म्हणून सांगितलं. त्यांनीच मला चढवलं होतं, त्याही घाबरलेल्या होत्या. सगळेच मूग गिळून बसलो. परतताना गाडीवर तुम्ही मागे बसला होतात. घराशी उतरलात आणि म्हणालात, "उद्यापासून एकटा जाजो. अन् जाळी पायजो, वरची बी." एवढंच. शिव्या दिल्या असत्यात तर मी त्याच जागी सगळं कबूल केलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. म्हणजे यातही चूक तुमचीच.

चौघी वाचल्या. ताईच्या हातांना मात्र कंप राहिला. बंडल बांधणं सुटलं. आता ती बाजारात लेकाच्या दुकानात बसते, दिसली की "कसे हा भाऊ?" विचारते. त्या सकाळच्या आधीचं तिला धड आठवत नाही असं म्हणतात. मी दुकानासमोरून जायचं टाळतो. खाई त्याला खवखवे. तुमचं काम कारखान्यातून गेलं, मग हॉटेलांतून, मग दवाखान्यातून. ज्यांनी गावातले अर्धे पाइप टाकले ते तुम्ही ओसरीत बसून शेजाऱ्यांच्या शेगड्या साफ करायला लागलात. मी दिवाळीला मिठाई घेऊन यायचो. तुम्ही "काम कसं चालू हाये" विचारायचात आणि मी सांगायचो. तुमचीच कामं मी करत होतो.

आज मंगल कार्यालयाचा हॉल असो की कोंबड्यांचं शेड, जिल्ह्यात गरम हवेचा हीटर कुठे बसवायचा असला की लोक मला बोलावतात. म्हणतात, माणूस कडक आहे, जाळी झाकलेली दिसली तर मशीन बंद करून निघून जातो. खरं आहे ते. दर हिवाळ्याआधी मी मिस्त्री लोकांना शिकवतो, आणि पोत्यांची गोष्ट सांगतो. "एक जण होता," असं म्हणतो. ते गंभीर चेहऱ्यानं ऐकतात. एकानं एकदा विचारलं, "सर, फिर उस आदमी का क्या हुआ?" मी म्हणालो, "काम छोड दिया." कोणाबद्दल बोललो ते माझं मलाच बोलून झाल्यावर कळलं.

मागच्या महिन्यात त्याच कारखान्यानं नवा हीटर बसवायला मला बोलावलं. शेठचा मुलगा आता सगळं बघतो. जुन्या खोलीत उभं राहून त्यानं जाळीवर हात ठेवला आणि कामगारांसमोर म्हणाला, "पहले वाला मिस्त्री लापरवाह था. आप ज़रा देख के करना." मी मान हलवली, आणि मापं घ्यायला टेप काढली. काम चोख केलं. जाळीला लोखंडी चौकट, पंखा आणि गॅस असे जोडले की हवा कमी झाली तर ज्योत आपोआप विझेल, हॉलमध्ये वायू ओळखून वाजणारा अलार्म. तुम्हालाही नाव ठेवायला जागा सापडली नसती. पण ती मान मी का हलवली, हे मला उमजेना.

म्हणून रविवारी काकूंकडे गेलो. ठरवून गेलो होतो, उस्ताद, वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. काकू थकल्या आहेत, पण चहा त्यांनीच केला. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "एक विचारू का? तू होतास ना रे तिथं. त्यायनं मले कधी काही सांगतलं नाई. खरंच त्यायचीच चूक होती का?"

माझं वाक्य तयार होतं. मी म्हणालो, "हो काकू. होते माणसाच्या हातून."

काकू पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "बरं झालं सांगतलंस. मले इतके वर्षं वाटून रायलं होतं का ते कोणाचं तरी झाकून रायले. म्हणून मी लोकायशी भांडत होती. आता नाई भांडत."

हा कागद खरं तर त्यांच्या हातात द्यायला हवा, त्यांना वाचता येतं. मी तो देणार नाही, हे लिहायला बसलो तेव्हाच मला माहीत होतं. पण एक तुम्हाला सांगून टाकतो. त्या "आता नाई भांडत" म्हणाल्या तेव्हा मला हायसं वाटलं, आणि मी चहा आणखी अर्धा कप मागून घेतला.