जुळतं की नाही, एवढंच

दि. ९ नोव्हेंबर
रविवार, सकाळ

चि. छकुलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. तुझा गुडघा कसा आहे? तू आता साठीला टेकलीस, तरी कागदावर हात छकुलीच लिहितो. चालवून घे.

रविवारी अकराला तुझा फोन येतो, तो आज घ्यायचा नाही असं ठरवून पत्राला बसलो आहे. तू फोन करशील, तो वाजेल, आणि मी उचलणार नाही. काळजी करू नकोस. गेले काही रविवार लाइन फार खराब होती, आणि सांगायचं आहे ते जरा लांबलचक आहे. शिवाय प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून सलग दोन पानं लिहिण्याचा योग आला नव्हता.

घराचं सांगायचं तर गॅलरीतल्या कुंडीत कसलंसं रोप आपोआप उगवलं आहे. ठकी म्हणते तण आहे, उपटा. मी म्हणतो, फूल येईपर्यंत थांबू. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं मशीन हल्ली दिवसभर बंद असतं. काम कमी झालं असावं असं मला वाटत होतं.

गेल्या आठवड्यात ठकीच्या प्रयोगशाळेत घरच्या माणसांना बोलावलं होतं. लेकीचा निरोप आणू नका असं तू मला बजावलं आहेस, आणि आईचा आणू नका असं तिने. दोघींनाही मी शब्द दिला आहे आणि तो पाळतो आहे. हे पत्र तिथल्या यंत्राबद्दल, क्वांटम संगणकाबद्दल, आहे. त्यात ती मधे मधे येते, त्याला माझा इलाज नाही.

इतरांचे आईवडील आले होते. मी आजोबांच्या कोट्यातून गेलो. एका लांब, पांढऱ्या, खिडक्या नसलेल्या दालनात ते यंत्र छताला उलटं टांगलेलं आहे. एकाखाली एक पितळी तबकं आणि त्यांतून उतरणाऱ्या बारीक नळ्या. एखाद्या बंद पडलेल्या नाटकगृहातलं झुंबर असावं तसं दिसतं. ते दाखवण्यापुरतं उघडं ठेवलेलं होतं. शेजारचं चालू यंत्र मात्र पांढऱ्या पिंपात बंद. आत इतकी थंडी की ठकीने आकडा सांगितला तो मला शून्याहून वेगळा वाटला नाही. 'एवढी थंडी कशाला गं?' असं विचारलं, तर म्हणाली, त्यांना कुणी हलवू नये म्हणून. ऊब म्हणजेच धक्काबुक्की.

'त्यांना' म्हणजे त्या यंत्राच्या कणांना. साध्या संगणकात दिव्याच्या बटणासारखं असतं, चालू नाहीतर बंद. यांच्या कणात दोन्ही शक्यता असतात, काही प्रमाणात ही, काही प्रमाणात ती, आणि कण कोणत्या बाजूचा हे अजून ठरलेलंच नसतं. मी म्हटलं, ठरलेलं असेल गं, आपल्याला ठाऊक नसेल. त्यावर तिने नापास मुलाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. नाही आजोबा, ठरलेलंच नसतं. आपण मोजायला गेलो की कण एक काहीतरी होतो, आणि मग तेच राहतं. आधीचं प्रमाण गेलं. पुन्हा विचारलं तरी तेच उत्तर.

वर्तमानपत्रात वाचलं होतं की हे यंत्र सगळी उत्तरं एकाच वेळी तपासून पाहतं. ते मी शहाणपणाने बोलून दाखवलं. ती म्हणाली, हे मात्र कुणाला लिहून कळवू नका, माझी नोकरी जाईल. तर कळवत नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे कसब वेगळंच आहे. पाण्यावरच्या लाटांसारख्या त्या शक्यता एकमेकींना भेटवायच्या, चुकीच्यांनी एकमेकींना पुसावं आणि बरोबरच्यांनी एकमेकींना उचलून धरावं अशा बेताने. मग शेवटी एकदाच मोजायचं. हे मला पुरतं कळलं नाही, पण आवडलं.

खरी अडचण चुकांची. कितीही थंडीत ठेवा, मधेच एखादा कण बहकतो. चूक म्हटल्यावर माझे कान टवकारले. आयुष्यभर दुसरं केलं काय? मी लगेच उपाय सांगितला, मूळ प्रतीची नक्कल ठेवा आणि ताडून बघा. ठकी इतकी हसली की मागच्या कुणाच्या तरी वडिलांनी वळून पाहिलं. नक्कल होत नाही म्हणे. ज्याचं ठरलेलंच नाही त्याची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हा निसर्गाचाच कायदा आहे. आणि वाचून बघायचं म्हटलं तर वाचताक्षणी ते मोडतं.

म्हणजे मूळ प्रत वाचायची नाही, नक्कल काढायची नाही, आणि तरी चूक शोधायची. मग मला आमचं क्रमिक पुस्तकांचं काम आठवलं.

तुला आठवतं का, मी घरी प्रुफं आणायचो आणि तू टेबलाखाली बसायचीस? कवितांची पानं आली की मी डाव्या हाताची बोटं टेबलावर आपटत जायचो. टक टक टक, टक टक. तू खालून माझ्याबरोबर मोजायचीस. सगळ्या ओळी एका मापाच्या. एखादी लंगडली की समजायचं, इथे अक्षर गळलं किंवा काना पडला. ओळीत नदी आहे की पाखरू, आई आहे की वासरू, याच्याशी त्या वेळी कर्तव्य नाही. आमचा हेडकंपोझिटर मला चिडवायचा, 'मास्तर, तुम्ही कविता वाचता की मोजता?' मी म्हणायचो, 'मोजतो. वाचली तर चूक दिसत नाही.' आणि खरंच दिसायची नाही. शाळेत उभं राहून चालीवर म्हटलेल्या त्या ओळी. वाचायला लागलो की मी त्या वर्गात जाऊन पोचायचो, बाकावर ऊन यायचं, आणि गळलेलं अक्षर मन आपणच भरून घ्यायचं.

हे सांगितलं तर ठकी म्हणाली, बरंचसं असंच. एकच मजकूर ते पुष्कळ कणांत पसरून ठेवतात. मग शेजारच्या दोन कणांना 'तू काय आहेस' असं विचारत नाहीत. दोघांच्या मधे तिसरा एक ठेवतात. त्याने एवढंच बघायचं की हे दोघे एकमेकांशी जुळतात की नाही. कोण काय आहे हे त्या मधल्यालाही कळत नाही. मधल्याला मोजतात. त्या दोघांना कुणी हात लावत नाही, म्हणून ते मोडत नाहीत. मी म्हटलं, एका ओळीत एक मात्रा गळली आणि त्याच ओळीत दुसरीकडे एक वाढली, तर आमची बोटं फसायची. ती म्हणाली, आमचीही फसतात, आजोबा. अजून काम चालू आहे.

'आणि त्या मधल्याचं पुढे काय करता?' मी विचारलं.

'पुसून कोरा करतो. पुन्हा वापरतो.'

तिथून पुढे ती मला पंपाच्या खोलीत घेऊन गेली. यंत्र थंड ठेवणारा पंप तिथे असतो. तो पाखरासारखा चिवचिवतो, तासन् तास, एका ठेक्यात, असं तिने मला मागेच सांगितलं होतं आणि मला ते ऐकायचं होतं. मी उभा राहिलो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने माझा हात धरून नळीवर ठेवला. हाताखाली ठेका लागला. एक जोरकस, एक हलका, एक जोरकस, एक हलका. शुद्ध होता. एकही मात्रा गळलेली नाही.

आता लिहितोच. लाइन खराब नाही. माझा उजवा कान गेला आहे आणि डावा त्याच वाटेवर आहे. कानाच्या डॉक्टरांनी यंत्र दिलं आहे, ते समोरासमोर बरं चालतं, पण फोन लावला की शब्दांच्या जागी वाळू सांडल्यासारखं ऐकू येतं. सुधारणा नाही म्हणाले. शिंपीणबाईंचं मशीन व्यवस्थित चालू आहे, हे मला परवा जिन्यात समजलं. वाईट वाटतं ते एवढंच की कविता आता आतल्या आतच म्हणायच्या. तिथे त्या अजून चालीवर आहेत.

पण त्यामुळे एक व्यवस्था मोडते आहे, आणि त्यासाठी हे पत्र. रविवारी अकराला फोन वाजतो आणि ठकी पिशवी घेऊन भाजीला खाली जाते. घरात भाजी असली तरी जाते. तू पहिलं वाक्य विचारतेस, 'एकटेच आहात ना?' मी हो म्हणतो. जावईबापू गेल्यापासून एकही रविवार चुकलेला नाही. तुम्ही दोघी माझ्यावाचून एकमेकींच्या वाऱ्याला उभ्या राहत नाही, आणि आता माझा फोनवर उपयोग नाही.

ते गेले त्या दिवशीचं मी कधी काढलं नाही. आज यंत्राच्या निमित्ताने काढतो. ठकी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या दालनात कुणी फोन नेत नाही, बाहेर खणात ठेवतात. तो खण मी परवा पाहिला. साधा पत्र्याचा आहे. निरोप त्यात पडून राहिला हे तुला तेव्हाच कळलं होतं. पण त्याच्या आधीच्या आठवड्यातही ती आली नव्हती, आणि तुझं दुखणं ते होतं. तू दारात, चार माणसांसमोर, तिला विचारलंस, 'तुला यायचंच नव्हतं का?'

ती म्हणाली, 'नव्हतं.'

मी दोघींच्या मधेच उभा होतो. तो शब्द निघायच्या आधीचा तिचा चेहरा मी पाहिला आहे. त्यावर यायचंही होतं, आणि बापाला तशा अवस्थेत पाहायची भीतीही होती. कशाचं प्रमाण किती, हे तिचं तिचंही ठरलेलं नव्हतं. तू विचारलंस आणि एक उत्तर पडलं. मग तेच राहिलं. तुझी चूक म्हणत नाही. अशा वेळी कोणीही विचारतं. तिनेही खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. ते खरं झालं, एवढंच.

म्हणून मी तुम्हां दोघींना कधी 'राग गेला का' असं विचारलं नाही. आता विचारलं असतं तर आणखी एक उत्तर पक्कं झालं असतं.

मी दुसरंच विचारलं. तुला आठवत असेल, मागे एका रविवारी म्हणालो होतो, समज, एखाद दिवशी माझ्या जागी फोनवर तीच असली, तर ठेवून देशील का? तू काहीतरी बोललीस. मला कळलं नाही. मी 'काय?' म्हटलं. मग तू ओरडलीस, 'नाही ठेवणार म्हटलं ना!' तुझ्याकडून हे एकदा ऐकायचं होतं, कानाच्या कृपेने दोनदा वदवून घेतलं.

तोच प्रश्न मी काल ठकीला विचारला. ती कप विसळत होती. पाठमोरीच काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, मला ऐकू आलं नाही, वळून सांग. नळ बंद करून वळायला तिला बराच वेळ लागला. पण वळली, आणि सांगितलं.

काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. शब्द दिला आहे. तुझं उत्तरही मी तिला सांगितलेलं नाही. तिला आणि तुला मी एकच गोष्ट कळवतो आहे, तिला आज तोंडी, तुला या पत्राने. दोघींची उत्तरं जुळतात. तुझं तुला ठाऊक आहे.

माझी बोटं या वेळी फसली नसावीत. पुन्हा मोजून पाहिलं आहे.

हे पत्र तुला दोन-तीन दिवसांत मिळेल. पुढच्या रविवारी अकराला नेहमीसारखा फोन कर. तो वाजलेला मला कळणार नाही, पण ठकी मान वर करेल त्यावरून कळेल. पिशवी मी दारामागच्या खुंटीला आताच अडकवून ठेवली आहे. त्या दिवशी भाजीला मी जाणार आहे. जिना हळू उतरतो, बाजार लांब आहे, आणि मला निवडून घ्यायची सवय आहे. बराच वेळ लागेल.

तुम्हां दोघींच्या मधून बाजूला होणारा,
तुझा
नाना